टाकीत काय आहे, हे शेजारच्या गावाला कळू द्या

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : खनिज तेल व वायूच्या साठवण टाक्या आणि त्यांच्या शेजारची गावं

महोदय,

तेलाच्या राखीव साठ्यांवरचा आपला लेख वाचला. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडकाच्या पोटात खोदलेल्या गुहा, त्यांत मिळून मावणारं ५३.३ लाख टन खनिज तेल आणि त्यावर देश साडेनऊ दिवस चालेल हा हिशेब, सगळं बरोबर आहे. लेखाच्या शेवटी मात्र एक वाक्य होतं, की तेल कंपन्यांकडे याखेरीज साडेचौसष्ट दिवसांच्या साठ्याची सोय आहे. एकूण ७४ दिवस. त्यातल्या साडेनऊ दिवसांना आपण अख्खं पान दिलंत आणि उरलेल्या साडेचौसष्ट दिवसांची एका ओळीत बोळवण केलीत. तो माल ठेवलेला असतो कुठे? जमिनीवर, पोलादी टाक्यांमध्ये. माहुलला, उरणला, जवाहर द्वीपावर, मनमाडजवळ पानेवाडीला, पुण्याजवळ लोणी काळभोरला आणि देशभर अशा कितीतरी ठिकाणी. कुठे कच्चं म्हणजे खनिज तेल, कुठे पेट्रोल-डिझेल, कुठे गॅस. टाकीच्या कुंपणाला लागून शेत, शेताला लागून गावठाण.

माझी सगळी नोकरी अशाच टाक्यांवर गेली. डिप घेणारा, म्हणजे टाकीतला माल मोजणारा म्हणून लागलो, टँक फार्मचा, म्हणजे टाक्यांच्या अख्ख्या आवाराचा शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झालो. कंपनी कुठली ते सोडून द्या, टाक्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

गुहांबद्दल मला आदरच आहे. काय डोकं चालवलंय बघा. खडकाला आतून पत्रा नाही, काँक्रीट नाही. गुहा भूजलाच्या पातळीखाली खोदायची आणि वरून बोअर मारून भोवतीचा खडक पाण्याने कायम भिजता ठेवायचा. पाण्याचा दाब आतल्या तेलापेक्षा जास्त, त्यामुळे तेल बाहेर जात नाही. उलट पाणीच आत झिरपतं, ते पंपाने उपसून टाकायचं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये जगभर तेल कवडीमोल झालं होतं, तेव्हा सरकारने सरासरी १९ डॉलर पिंपाच्या भावाने या गुहा भरून घेतल्या आणि पाचेक हजार कोटी रुपये वाचवले. त्याच महिन्यात अमेरिकेत २० एप्रिलला तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर गेला. विकणारा वरून पैसे देऊन तेल घेऊन जा म्हणत होता, कारण ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांत तेल ठेवायला जागाच उरली नव्हती. रिकाम्या टाकीला काय किंमत असते ते त्या दिवशी वायदेबाजारवाल्यांना कळलं. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं. जहाज धक्क्याला लागलेलं, टाकी रिकामी व्हायची बाकी आणि वर साहेबांचे फोनवर फोन, हा प्रसंग ज्याने काढलाय त्याला बाजारभाव शिकवावा लागत नाही.

तरीही माझं म्हणणं गुहांविषयी नाही, जमिनीवरच्या टाक्यांविषयी आहे.

खनिज तेलाच्या मोठ्या टाकीला पक्कं छप्पर नसतं. छप्पर तेलावर तरंगतं. तेल चढलं की वर, उतरलं की खाली. मधे मोकळी जागा ठेवली तर तिथे वाफ साठते, म्हणून ही युक्ती. छपराच्या कडेने टाकीच्या भिंतीला घासत जाणारं रबरी सील असतं, त्याला रिम सील म्हणतात. वीज पडली की आग बहुतेक वेळा इथेच लागते. पावसाळ्यात छपरावर पडलेलं पाणी छपराखालच्या नळीतून, तेलाच्या आतून बाहेर आणावं लागतं. ती नळी तुंबली तर छपरावर तळं साचतं, छप्पर कलतं आणि कधी बुडतंही. कोकणच्या पावसात टँक फार्मवर रात्रपाळी केलेल्या माणसाला विचारा, जून ते सप्टेंबर त्याचं लक्ष कुठे असतं.

डिप म्हणजे टाकीतल्या मालाची उंची मोजणं. टाकीच्या अंगाने वळत जाणारा लोखंडी जिना चढायचा, वारा पाठीशी किंवा बाजूला राहील असं उभं राहायचं, हॅच, म्हणजे माप घ्यायच्या तोंडाचं झाकण उघडायचं आणि पितळी लंबक लावलेली पोलादी टेप आत सोडायची. टेप हॅचच्या कडेला टेकवूनच सोडायची, म्हणजे अंगात साठलेली वीज ठिणगी न होता उतरते. टाकीत माल येऊन थोडाच वेळ झाला असेल तर निदान अर्धा तास थांबायचं, तेही त्याच कारणाने. लंबक तळाला टेकला की हाताला कळतं. टेप वर घ्यायची, तेल कुठपर्यंत लागलंय ते बघायचं. लंबकाला आधी एक लेप लावलेला असतो, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. त्यावरून तेलाखाली तळाला किती पाणी आहे ते समजतं. साठ मीटर व्यासाच्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे अठ्ठावीसशे लिटर. म्हणून दोन मापं जुळेपर्यंत टेप पुन्हा पुन्हा सोडावी लागते, मग पाऊस असो की वारा. कच्च्या तेलात कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू असतो. वास येतोय तोवर एकवेळ ठीक. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं गेला वायू. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

आता मापं रडारवर येतात, कंट्रोल रूममध्ये पडद्यावर आकडे दिसतात. सोय झाली, नाही कोण म्हणतो? पण इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ ला काय झालं ते वाचण्यासारखं आहे. पेट्रोलच्या एका टाकीचं स्वयंचलित माप अडकलं होतं, पडद्यावर पातळी जागच्या जागी दिसत होती आणि टाकी भरतच होती. चौकशीत निघालं की ते माप ३१ ऑगस्टपासून तेव्हापर्यंत चौदा वेळा अडकलं होतं. दरवेळी कुणीतरी ते तेवढ्यापुरतं सोडवलं आणि काम पुढे चालू ठेवलं. टाकी काठोकाठ भरली तर पंप बंद करणारा वेगळा स्विच होता, पण त्याचा खटका जागेवर धरून ठेवणारं कुलूपच लावलं नव्हतं, म्हणून तोही कामाला आला नाही. एका साध्या कुलपाची ही गोष्ट. पेट्रोल उतू गेलं आणि त्याच्या वाफेचा स्फोट झाला. रविवारची पहाट होती, आजूबाजूची ऑफिसं रिकामी होती, म्हणून ४३ जखमींवर भागलं, जीव कुणाचा गेला नाही.

जयपूरला तेवढं नशीब नव्हतं. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या इंडियन ऑइलच्या डेपोत व्हॉल्व्हपाशी पेट्रोलची गळती सुरू झाली. तिथे असलेली माणसं वाफेने काही मिनिटांतच निकामी झाली, व्हॉल्व्ह बंद करायला कुणी उरलं नाही. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोल वाहत राहिलं, सुमारे हजार टन. मग त्याच्या वाफेच्या ढगाने पेट घेतला. ११ माणसं गेली, टाक्या अकरा दिवस जळत होत्या. एम. बी. लाल समितीने शंभराहून जास्त शिफारशी केल्या. मी त्या वाचल्या तेव्हा एका बारीक गोष्टीवर थांबलो. टाकीभोवती असते त्या बांधाचा, आम्ही त्याला डाइक म्हणतो, पावसाचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. पेट्रोल त्यातून पावसाळी गटारात गेलं आणि आवारभर पसरलं.

हा व्हॉल्व्ह काय असतो ते वाचकांना सांगायला हवं. डाइक एवढी असते की आतली सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिच्यातलं सगळं तेल आत मावावं. पण पावसाळ्यात तिच्यात पाणी भरतं. ते सोडायला बांधाबाहेर एक व्हॉल्व्ह असतो आणि तो एरवी कायम बंद ठेवायचा, असा नियम. पाऊस पडला, पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना ते बघितलं, व्हॉल्व्ह उघडला, पाणी गेलं, व्हॉल्व्ह बंद. लिहायला एक ओळ, करायला तास-दोन तास, तेही चिंब पावसात. माणूस व्हॉल्व्ह उघडून चहाला जातो, तिथून दुसऱ्या कामाला जातो, पाळी बदलते. आमच्याकडे एक जुने चार्जहँड, म्हणजे मुकादम होते, त्यांचा दंडक असा की व्हॉल्व्ह उघडणाऱ्याने आपली छत्री त्याच व्हॉल्व्हच्या चाकाला अडकवून ठेवायची. पाळी सुटताना पाऊस चालू असला की माणूस छत्रीसाठी तिथे जाणारच आणि गेला की चाक फिरवणारच. रजिस्टरमध्ये ‘बंद केला’ असं लिहिणं सोपं होतं. छत्रीचं तसं नव्हतं.

गटाराचं म्हणाल तर उरणला ३ सप्टेंबर २०१९ ला सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, तीही पावसाळी पाण्याच्या गटारातच. चौघे गेले. त्यांत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन अग्निशमन जवान होते. आग दोनेक तासांत आटोक्यात आली, पण तेवढ्या वेळात आजूबाजूच्या गावांत काय चाललं होतं? कुणी पोरांना घेऊन रस्त्याला लागलं, कुणी गच्चीवर चढून मोबाइलवर चित्रण करत होतं. दोघांनाही वाटत होतं आपण करतोय ते बरोबर.

इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो. टाकी पेटली तर शेजारच्याने काय करायचं, हे टाकीत काय आहे त्यावर ठरतं. आणि टाकीत काय आहे ते शेजारच्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

६ ऑक्टोबर २०१७ ला घारापुरीशेजारच्या जवाहर द्वीपावर, ज्याला जुने लोक बुचर बेट म्हणतात, डिझेलच्या टाकीवर वीज पडली. दोन-तीन दिवस ती टाकी धुमसत होती. शेजारच्या टाक्यांवर पाणी मारून त्या थंड ठेवायच्या आणि पेटलेलीतलं डिझेल जळून जाऊ द्यायचं, हाच शहाणपणाचा मार्ग होता. मुंबईकरांनी लांबून धूर बघितला, फोटो काढले, कुणाला इजा झाली नाही. त्यावरून लोकांच्या मनात बसलं की टाकीची आग म्हणजे अशीच, संथ जळणारी, बघत बसावी अशी.

त्या टाकीत डिझेलऐवजी खनिज तेल असतं तर हिशेब पार वेगळा झाला असता. खनिज तेलाच्या टाकीत तळाला थोडंफार पाणी असतंच, ते मी वर लिहिलंय. वरचं तेल जळत असताना हलका भाग उडून जातो, जड आणि तापलेला भाग खाली बसत जातो. गरम तेलाचा हा थर तासागणिक खाली सरकतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. टाकी आहे तशी जळतेय, उलट आग जरा कमी झाल्यासारखी वाटते. मग तो थर तळाच्या पाण्याला टेकतो. कडकडीत तेलात पाण्याचा थेंब पडला तर कढईबाहेर काय उडतं ते घरोघरी माहीत आहे. इथे कढई साठ मीटरची. पाण्याची वाफ होताना ती सोळाशे-सतराशे पट फुगते आणि जळतं तेल टाकीबाहेर फेकून देते. आमच्या धंद्यात याला बॉइलओव्हर म्हणतात. तेल फेकलं जातं ते टाकीच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब, डाइक ओलांडून.

व्हेनेझुएलातल्या ताकोआला १९ डिसेंबर १९८२ ला हेच झालं. वीजकेंद्राची फ्युएल ऑइलची टाकी. पहाटे डिप घ्यायला गेलेले कामगार पहिल्या स्फोटातच गेले. डिप घ्यायला, बरं का. त्यानंतर टाकी काही तास संथ जळत राहिली. अग्निशमनवाले आले, पत्रकार आले, रहिवासी आणि बघे जमले. दुपारच्या सुमारास टाकी उसळली आणि टेकडीच्या उतारावरून जळतं तेल समुद्राकडे धावलं. दीडशेहून अधिक माणसं मेली. अग्निशमनवाले होते, टीव्ही-रेडिओचे लोक होते, नुसते बघायला आलेलेही होते. क्यूबातल्या मातांझासला ५ ऑगस्ट २०२२ ला खनिज तेलाच्या टाकीवर वीज पडली, दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारची टाकी उडाली, एकेक करत चार टाक्या गेल्या. मेलेल्यांत बरीचशी आगीशी झुंजणारी तरुण पोरं होती. ताकोआच्या वेळी मोबाइल नव्हते. आज आपल्याकडे एखादी टाकी पेटली तर कुंपणापाशी किती मोबाइल वर होतील, याचा अंदाज आपल्यालाही असेलच.

गॅसचं पुन्हा तिसरंच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत सरपटतो. नाला, खड्डा, विहीर, तळघर, जिथे खोलगट जागा मिळेल तिथे बसतो. विशाखापट्टणमच्या एचपीसीएल रिफायनरीत १४ सप्टेंबर १९९७ ला असाच गॅस पसरला आणि साठेक माणसं गेली. नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. पण तोच उणे १६२ अंशाला द्रवरूप करून टाकीत ठेवला की सहाशे पट कमी जागेत मावतो, आणि गळला तर सुरुवातीला इतका थंड असतो की पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलाच चिकटून राहतो. दाभोळला याच द्रवरूप वायूच्या टाक्या आहेत. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध पूर्ण नव्हता म्हणून तिथे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजंच लागत नव्हती. नैसर्गिक वायू साठवणं किती कटकटीचं असतं ते एवढ्यावरून समजावं. अमेरिकेत क्लीव्हलंडला २० ऑक्टोबर १९४४ रोजी अशा द्रवरूप वायूची टाकी फुटली, द्रव गटारांत उतरला आणि शहरभर मॅनहोलची झाकणं उडाली.

म्हणजे बघा, डिझेल असेल तर लांब राहा आणि धूर चुकवा. खनिज तेल असेल तर आग शांत वाटली तरी आणखी लांब जा, गच्चीवर नको, बघायला तर मुळीच नको. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर मोटरसायकलला किक मारू नका, दिव्याचं बटण दाबू नका, वाऱ्याला आडवं होऊन चालत उंचावर जा. गावात हे माहीत असलेलं एक माणूस मला दाखवा. आशा ताईंना साप चावल्यावर काय करायचं ते शिकवलेलं असतं. शेजारच्या टाकीतून वाफ आली तर काय करायचं, ते नाही.

सायरनचंही तेच. तेल उद्योगात त्याची ठरलेली भाषा आहे. मोठी आग लागली की वरखाली होणारा, विव्हळल्यासारखा आवाज दोन मिनिटं. त्याहून मोठी आपत्ती असेल तर तोच आवाज मधे मधे थांबून तीनदा. सगळं ठीक झालं की एकसारखा सरळ आवाज दोन मिनिटं, आणि आठवड्याची चाचणीही त्याच सरळ आवाजाची. आमच्या गावात बायका चाचणीच्या सायरनवर भात उतरवतात. उद्या खरा वाजला तरी भातच उतरवतील, कारण फरक असतो हेच कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे सांगायलाच हवं, असा कायदा आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम आले. मोठ्या साठ्याच्या मालकाने आवारातली आपत्कालीन योजना करायची, जिल्हा प्रशासनाने आवाराबाहेरची करायची, तिची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी घ्यायची आणि अपघात झाला तर ज्यांना झळ पोचेल अशा बाहेरच्या लोकांना धोका काय आहे व काय करावं, हे आधीच कळवायचं, हे सगळं त्यात आहे. १९९६ च्या नियमांनी तर जिल्ह्याला आणि औद्योगिक वसाहतीला संकट गट नेमायला लावले. स्थानिक गटाने दर महिन्याला, जिल्हा गटाने दर ४५ दिवसांनी बैठक घ्यायची. लिहिणाऱ्याने कसूर ठेवलेली नाही.

मी गेल्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतल्या एका साठवण केंद्राबद्दल चौकशी केली. फाटकावरच्या रखवालदाराने वरच्या साहेबांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, योजना आहे, जिल्ह्याच्या कार्यालयात दिलेली आहे. कार्यालयातल्या भल्या माणसाने ती काढून दाखवली. जाडजूड फाइल, सगळी इंग्रजीत, आमच्या गावाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. एकत्र जमायची जागा म्हणून जे मैदान दाखवलं होतं त्यावर केव्हाच चाळी उभ्या राहिल्यात. आणि त्या नकाशात वाऱ्याची दिशा पावसाळ्याचीच धरलेली. आमच्याकडे थंडीत रात्री वारा जमिनीवरून खाडीकडे वाहतो. आमच्या मच्छीमार पोरांना जे माहीत, ते योजना करणाऱ्याला माहीत नव्हतं. कारण त्याने त्यांना विचारलंच नाही.

चाळींचा विषय निघालाच तर तेही लिहितो, गाववाल्यांना राग आला तरी. टाक्या आधी होत्या, चाळी नंतर आल्या. भिंतीला भिंत लावून खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या, त्यात आमचेच लोक आहेत. परवानगी देणारे आहेत, ती न घेणारे आहेत आणि वीजजोडणी मिळवून देणारेही आहेत. मी काही टाक्या हटवा म्हणणाऱ्यांतला नाही. माझं पेन्शन त्या टाक्यांतूनच येतं आणि देशाला तेल लागणार आहे. दुसऱ्या टप्प्यात ओडिशातल्या चंडीखोलला आणि पादूरला मिळून आणखी ६५ लाख टनांच्या साठ्याला २०२१ मध्ये मंजुरी मिळालीय, तेही व्हावं. पण गुहा कितीही झाल्या तरी तिथलं तेल रिफायनरीत येणार, म्हणजे पुन्हा टाकीतच येणार.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक मोठ्या साठवण केंद्राने आपल्या फाटकाबाहेर आणि शेजारच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत एक फलक लावावा. टाकीत काय आहे, कुठला सायरन म्हणजे काय, काय करायचं, काय करायचं नाही, फोन कुठला, एवढं त्यावर असावं. किती टाक्या, किती माल, हे लिहू नका, सुरक्षेचा मुद्दा मला कळतो. पण आत खनिज तेल आहे की पेट्रोल की गॅस, हे गुपित कसलं? टँकरच्या पाठीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तो टँकर गावातूनच जातो. दुसरं, वर्षाची रंगीत तालीम कुंपणाच्या आत साहेबांच्या खुर्च्या मांडून न घेता गावात घ्यावी, तीही रात्री, पावसात. आणि तिसरं, संकट गटाच्या बैठकीत कुंपणाला लागून राहणारा एक तरी माणूस बसवावा. सरपंच नसला तरी चालेल, मच्छीमार सोसायटीतला किंवा शाळेतला कुणीही चालेल.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की सायरनचा अर्थ आणि वरचे चार उपाय एका चौकटीत छापावेत, कात्रण करून भिंतीला लावता येईल असे. ही चौकट जाहिरात म्हणून छापायची असेल तर तिचे पैसे कंपन्यांकडून घ्या, त्यांना परवडतील. जिल्हा संकट गटाच्या गेल्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं आपल्या वार्ताहराने मागवावीत आणि दर ४५ दिवसांचा हिशेब जुळतो का ते तपासावं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी अर्ज देऊन मांडतोय. शेजारच्या चार गावांच्या ग्रामसेवकांनाही अर्जाची प्रत दिलेली आहे. दोघांनी पोच दिली, दोघांची अजून यायची आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टँक फार्म कर्मचारी
जि. रायगड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)